फाटक नसलेली वाट

नामदेवरायांच्या नरसीला रेल्वेने जाणारा वारकरी हिंगोली स्टेशनावर उतरतो. पूर्णेहून हिंगोलीला हा लोहमार्ग निजामाच्या राजवटीत, 1912 साली आला. तेव्हा लाईन छोटी होती आणि गाडी सावकाश चाले. गाडी दिसली तरी बैलगाडी रूळ ओलांडून जाई. 2008 मध्ये पूर्णा-अकोला मार्गावर मोठी लाईन झाली, वेग वाढला. शेताच्या वाटा मात्र जुन्याच राहिल्या आणि माणसांची सवयही जुनीच राहिली.

हे सांगण्याचे कारण निराळे आहे. अपघातात माणूस गेलेल्या घरी सांत्वनाला गेलो की आम्ही कीर्तनकार एक ठरलेले वाक्य बोलतो, 'काळ आला होता.' मीही ते अनेकदा बोललो. पण काही घरांचा इतिहास या वाक्यात मावत नाही.

3 फेब्रुवारी 2005. नागपूरजवळ कन्हान येथे लग्नाचे वऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून चालले होते. रेल्वेची वाट आली, तिला फाटक नव्हते. नागपूर-रामटेक मार्गावरच्या गाडीने ट्रॉलीला धडक दिली. पन्नासहून अधिक माणसे गेली. वऱ्हाड म्हणजे कोण, हे तुम्हांला सांगायला नको. आत्या, मामी, करवल्या, कडेवरची लेकरे, म्हणजे सगळे गोतच एका ट्रॉलीत. अशा घरात लग्नाचा वाढदिवस आणि श्राद्ध पाठोपाठ येतात. पंगत कुठली वाढायची?

दुसरी घटना 24 जुलै 2014 ची. आषाढी होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. तेलंगणातल्या मेदक जिल्ह्यात मासाईपेट गावाजवळ शाळेची बस सकाळी रूळ ओलांडत होती. तिथेही फाटक नव्हते. समोरून सिकंदराबादकडे जाणारी पॅसेंजर आली, आपल्या नांदेडहून निघालेली. पंधराच्या वर मुले गेली, चालकही गेला. काही घरांतली भावंडे एकदमच गेली.

आता काळाचे पाहू. ट्रॅक्टरच्या आवाजात इंजिनाची शिट्टी ऐकू येत नाही. लांबून सरळ अंगावर येणारी गाडी डोळ्यांना हळू वाटते. भरधाव गाडीला ब्रेक लावला तरी ती जागच्या जागी थांबत नाही, शेकडो मीटर पुढे जाते, आणि तिला बाजूला वळता येत नाही. रुळाच्या कडेला पिवळ्या पाटीवर 'सी/फा' लिहिलेले असते. ती पाटी इंजिनवाल्याला सांगते, पुढे फाटक आहे, शिट्टी दे. आणि रस्त्याने येणाऱ्याला सांगणारा कायदाही आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 131 वे कलम म्हणते की जिथे राखणदार नाही तिथे गाडी थांबवावी, क्लीनरने किंवा सोबतच्या कोणी उतरून रुळापर्यंत चालत जावे, दोन्ही बाजूंना पाहावे आणि मग गाडी पुढे घ्यावी. सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरावे. कन्हानच्या आधी सतरा वर्षे हे लिहिलेले होते. वऱ्हाडातल्या किती जणांना कोणी सांगितले असेल? आम्ही तर सप्ताहात कधीच सांगितले नाही, आणि सप्ताहाला माणसे ट्रॉली भरभरून येत होती.

चोखोबांची कथा आपण डोळे पुसत सांगतो. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली, मजुरांसह चोखोबा गाडले गेले. साल 1338. नामदेवराय तिथे गेले, विठ्ठलनाम ऐकू आले त्या अस्थी त्यांनी वेचल्या आणि पंढरीला महाद्वारी समाधी दिली. कीर्तन इथे रंगते. पण ती भिंत कोणी बांधायला लावली, ढिगाऱ्याखाली आणखी कोण कोण होते, त्यांच्या घरी मागे कोण उरले, हे मी पन्नास वर्षांत एकदाही विचारले नाही. नरसीचा तो शिंपी मात्र काळ आला होता म्हणून घरी बसला नाही, ढिगाऱ्यापर्यंत चालत गेला.

2012 साली डॉ. अनिल काकोडकरांच्या समितीने सगळीच फाटके पाच वर्षांत काढून पूल, भुयारी मार्ग करावेत असे सुचवले. पुढे उत्तर प्रदेशात कुशीनगरला 2018 मध्ये पुन्हा शाळेची मुले गेली, तेव्हा कामाला गती आली. जानेवारी 2019 अखेर मोठ्या लाईनवरची बिनराखणीची फाटके संपल्याचे रेल्वेने सांगितले. म्हणजे प्रारब्ध म्हणून आपण ज्याला हात जोडत होतो, ते काम माणसांच्या हातचे होते.

भुयारी मार्ग झाले हे चांगलेच झाले. पण पावसाळ्यात पुष्कळ ठिकाणी त्यांत पाणी तुंबते. मग बायामाणसे लुगडी सावरत, लेकरांना हाताला धरून बांधावरून वर चढतात आणि रुळावरून जातात. तिथे फाटक नाही, गेटमन नाही आणि आधी उतरून पुढे पाहणाराही कोणी नाही.