टीएनएफची कुळकथा

1891 साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली या तरुण शल्यविशारदाची एक रुग्ण कोवळ्या वयात हाडाच्या कर्करोगाने गेली. त्या धक्क्याने कोली रुग्णालयाची जुनी दप्तरं चाळू लागला आणि एका नोंदीपाशी थबकला. मानेतली गाठ कितीदा कापली तरी परत वाढत होती, अशा एका रुग्णाला धावरे झाले, सणसणून ताप चढला आणि गाठ विरून गेली. कोलीने शहरभर हिंडून त्याला शोधून काढलं. माणूस ठणठणीत होता.

मग कोलीने इतर रुग्णांना धावऱ्याचे जिवंत जंतू टोचले, पुढे मारलेल्या जंतूंचं मिश्रण. काहींच्या गाठी विरल्या. जिवंत जंतूंनी काहींचा जीवही घेतला. हे कशाने घडतं, हे मात्र त्याला अखेरपर्यंत उलगडलं नाही.

1943 साली मरे शियर यांनी त्या मिश्रणातल्या सेरेशिया या जंतूपासून गाठीत रक्तस्राव घडवणारा शर्करायुक्त पदार्थ वेगळा काढला. तो जंतूच्या बाहेरच्या आवरणातला, म्हणजे एंडोटॉक्सिन. तरी कोडं अर्धंच सुटलं होतं. 1975 मध्ये लॉइड ओल्ड आणि एलिझाबेथ कार्सवेल यांच्या गटाने उंदरांना आधी बीसीजी आणि नंतर एंडोटॉक्सिन टोचलं, त्यांच्या रक्तातला द्रव काढला आणि गाठ असलेल्या दुसऱ्या उंदरांना दिला. गाठी मधूनच काळ्या पडून सडल्या. द्रवात उरलेलं एंडोटॉक्सिन इतका परिणाम करण्याएवढं नव्हतं. म्हणजे गाठ मारणारा पदार्थ उंदराच्या स्वतःच्या पेशींनीच बनवला होता. त्याला ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, थोडक्यात टीएनएफ, म्हणू लागले.

न्यूयॉर्कमध्येच अँथनी सेरामी वेगळ्याच गोष्टीमागे लागले होते. ट्रिपॅनोसोमा परजीवीची लागण झालेले ससे, अंगात परजीवी थोडेच असूनही, झिजून मरत. ही झीज घडवणारं प्रथिन ब्रूस बॉटलर यांनी भक्षक पेशींपासून शुद्ध केलं आणि 1985 मध्ये कळलं, की तेच टीएनएफ आहे. त्याच वर्षी त्यांनी उंदरांना त्याविरुद्धची प्रतिपिंडं आधी दिली, तेव्हा एंडोटॉक्सिनच्या जीवघेण्या मात्रेतूनही बरेच उंदीर वाचले. जंतूच्या विषाने येणारा मृत्यू मोठ्या अंशी आपल्याच शरीराच्या उत्तरातून येतो, हे यातून दिसलं.

हे उत्तर असं तयार होतं. भक्षक पेशीच्या पृष्ठभागावरचा टीएलआर-4 हा ग्राहक एंडोटॉक्सिन ओळखतो. आत अडकवून ठेवलेलं एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन मोकळं होऊन केंद्रकात शिरतं आणि टीएनएफचं जनुक चालू करतं. तयार प्रथिन आधी पेशीच्या पडद्यालाच चिकटून असतं. एक विकर त्याला कापून रक्तात सोडतं. तिथे ते तीन-तीनच्या जुडग्यांनी काम करतं. जखमेपाशी त्याने रक्तवाहिन्या पाझरू लागतात, पांढऱ्या पेशी तिकडे धावतात, ताप चढतो. हेच सगळ्या अंगात एकदम झालं तर रक्तदाब कोसळतो.

टीएलआर-4 हाच एंडोटॉक्सिनचा ग्राहक आहे, हा शोध 1998 मध्ये बॉटलर यांच्याच गटाने उंदरांच्या एका अजब जातीतून लावला. तिच्या या ग्राहकात एकच अमिनो आम्ल बदललेलं आहे. त्यामुळे एंडोटॉक्सिनची मोठी मात्रा टोचली तरी हे उंदीर ती पचवतात. पण साल्मोनेलाचे थोडेसे जिवंत जंतू शिरले की मरतात. धोका ओळखताच न येणं हे अतिरेकी उत्तराइतकंच घातक ठरतं. या कामासाठी बॉटलर 2011 च्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

आज संधिवातात आणि आतड्याच्या क्रोन्स आजारात टीएनएफला बांधून ठेवणारी इंजेक्शनं देतात. ती सुरू करण्याआधी डॉक्टर क्षयाच्या चाचण्या आणि छातीचा एक्स-रे सांगतात, कारण सुप्त क्षयजंतूंना गाठींत कोंडून ठेवायलाही टीएनएफच लागतं. क्षय घरोघरी माहीत असलेल्या आपल्या देशात तर ही तपासणी कोणीही टाळू नये. टीएनएफ पुरतं दाबलं तर क्षय डोकं वर काढतो आणि मोकाट सोडलं तर सांधे झिजतात. उपचाराचं सारं कौशल्य त्याला हवं तेवढंच आवरण्यात आहे.