दोन माणसं, एक वर्ष, फक्त मांस

फक्त मांस खाऊन तब्येत सुधारते म्हणणारे हमखास १९२८ चा न्यूयॉर्कमधला प्रयोग पुढे करतात. इन्युइट लोकांत राहून आलेला ध्रुवप्रदेश संशोधक स्टेफान्सन आणि त्याचा साथीदार अँडरसन बेलव्ह्यू हॉस्पिटलच्या देखरेखीखाली वर्षभर मांस आणि चरबीवर राहिले. नुसतं बिनचरबीचं मांस दिल्यावर स्टेफान्सनला जुलाब लागले; चरबी वाढवली, तो सावरला. स्कर्व्ही दोघांनाही झाला नाही.

आता तुम्ही तपासा: माणसं दोनच, तुलनेला गट नाही, पैसा मांस उद्योगाच्या संघटनेचा. एवढ्याने प्रयोग खोटा ठरत नाही. पण त्यांचा प्रश्न होता, ‘अपाय होतो का?’ ‘तब्येत सुधारते का?’ हा नव्हताच. जुना पेपर हातात घेतलात की आधी त्याचा प्रश्न वाचा, मग उत्तर.