घोंगडीच्या खोळीपासून पाठीवरच्या सॅकपर्यंत

गेल्या पावसाळ्यात आमच्या रहाटणीच्या बचत गटातल्या आम्ही नऊजणी लोणावळ्याहून राजमाचीला पायी निघालो. अर्ध्या वाटेत एका ताईंच्या सॅकचा पट्टा खांद्यापाशी उसवला. बाकीच्या सॅक आतून चिंब झाल्या. कोरडा कपडा एकीकडेही उरला नाही, आणि कागदी पुडीतल्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा लगदा झाला. आम्ही तिथूनच परत फिरलो. यंदा पुन्हा पैसे घालण्याआधी मनात आलं, आपल्या आधीची माणसं पावसात सामान कसं नेत होती?

याचं उत्तर आपल्या शेजारीच आहे. आकुर्डीला तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो. हा पालखी सोहळा तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५ मध्ये सुरू केला. पंढरीची वाट पायी, तीही पावसाळ्यात. जुन्या काळी खांद्यावर पडशी असायची. तिला मधोमध तोंड, एक कप्पा पुढे, एक मागे, म्हणजे ओझं दोन्हीकडे सारखं. डोक्यावरून घोंगडीची खोळ. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल पिते, तरी अंगाला ओली लागत नाही. मावळात भात लावणाऱ्या बायका इरलं घ्यायच्या. बांबूच्या कामट्या आणि पानांचं ते छप्पर, वाकलं की पाणी पाठीवरून ओघळून जायचं.

पुढे कॅनव्हासच्या पिशव्या आल्या. जाड सुती कापड भिजलं की सूत फुगतं आणि विणीतली छिद्रं बुजतात. पण पिशवी जड होते, आणि ओली ठेवली तर बुरशी धरते. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांनी नायलॉन तयार केलं. दुसऱ्या महायुद्धात त्याची पॅराशूट झाली. हलकं, चिवट आणि न कुजणारं म्हणून पुढे ते सॅकलाही आलं. मात्र पाणी अडवतो तो कापडाच्या आतला लेप. तो झिजला की पाणी आत येतं. शिवणीत तर सुईची भोकं असतातच.

म्हणून सॅक घेताना आम्ही आता रंग शेवटी बघतो. आधी पट्टा जिथे शिवलाय ती जागा ओढून बघतो. तिथे फुलीची दुहेरी शिलाई हवी. मग सॅक उलटी करून शिवणींवर आतून पट्टी चिकटवली आहे का, ते पाहतो. चिठ्ठीवर ‘डेनियर’ लिहिलेलं असतं. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका डेनियर. आकडा मोठा तर धागा जाड, पण सॅकही जड. कमरेचा पट्टा रुंद असावा, म्हणजे भार खांद्यांऐवजी कमरेवर येतो. कळशी कडेवर घेणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि सॅक कितीही महाग असो, आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालायची. कपडे तिच्यात, गोळ्या झाकणाच्या डबीत. घरी आल्यावर सॅक रिकामी करून सावलीत वाळवायची.

जुन्या माणसांनी पावसाशी भांडण मांडलं नाही. वरचं भिजू दिलं, आतलं जपलं. यंदा आम्ही नऊजणी पुन्हा राजमाचीला निघतोय. गोळ्यांची डबी सगळ्यात आधी भरली आहे.