मुंग्यांचा टीव्ही आणि तळघर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. विषय जरा चमत्कारिक आहे : डोक्यावर वादळ घोंघावत असताना तळघरात टीव्ही कसा लागायचा?

आपल्याकडे तळघर म्हटलं की जुना वाडा नाहीतर मॉलचं पार्किंग आठवतं. अमेरिकेत कॅन्सस, आयोवा या पट्ट्यात मात्र टॉर्नेडो आला की माणसं घराच्या बेसमेंटमध्ये उतरतात. वाऱ्यापेक्षा जास्त मारतात त्या वाऱ्याबरोबर उडणाऱ्या वस्तू, म्हणजे लाकडं, काचा, पत्रे. जमिनीखाली त्या लागत नाहीत. पण गंमत बघा, माती आणि काँक्रीट जसं वाऱ्याला अडवतं, तसंच रेडिओलहरींनाही अडवतं. जीव वाचण्याची जागा तीच, जिथे सिग्नल सगळ्यात कमजोर. आणि वादळ कुठे वळलं, वर कधी यायचं, हे तर खालीच बसून कळायला हवं.

८ जून १९६६. कॅन्ससची राजधानी टोपिका. गावाच्या नैर्ऋत्येला बर्नेट्स माउंड नावाची टेकडी आहे. ही टेकडी शहराला टॉर्नेडोपासून वाचवते, अशी लोकांची पक्की समजूत होती. त्या संध्याकाळी टॉर्नेडो नेमका त्या टेकडीवरूनच शहरात घुसला. स्थानिक डब्ल्यूआयबीडब्ल्यू वाहिनीवर बिल कर्टिस नावाचा पंचविशीतला तरुण होता, कायद्याचं शिक्षण नुकतंच संपवत आणलेला. देवाशपथ लपा, अशा शब्दांत त्याने कॅमेऱ्यासमोर लोकांना अक्षरशः विनवलं. शहराचा मोठा पट्टा भुईसपाट झाला, वॉशबर्न विद्यापीठाची तर पार वाताहत झाली. एवढ्या विध्वंसात मृतांचा आकडा वीसच्या आत राहिला, याचं बरंचसं श्रेय त्या इशाऱ्याला दिलं जातं. कर्टिसने पुढे वकिली सोडून बातम्याच निवडल्या.

टीव्हीवरचा हा विश्वास किती होता बघा : १९६८च्या सुमारास आयोवातल्या न्यूटन वेलर यांनी टीव्हीच वादळाचा सेन्सर करायची युक्ती सुचवली. आधी १३ नंबरचं चॅनेल लावायचं, ब्राइटनेस पडदा जवळपास काळा होईपर्यंत उतरवायचा, मग २ नंबरवर यायचं. वीज चमकली की पडद्यावर पांढरे पट्टे येणार. पडदा सलग उजळला, तर टॉर्नेडो जवळ आहे असं समजून खाली पळायचं. ही पद्धत भरवशाची ठरली नाही, कारण प्रत्येक टॉर्नेडो इतका विजेचा गोंगाट करत नाही. पण मला तरी हा हॅक जाम आवडतो. चॅनेलच नाही, तर गोंगाट वाचा!

हे सगळं चालत होतं कारण टीव्ही अ‍ॅनालॉग होता. सिग्नल अर्धा आला तर चित्रही अर्धं यायचं. पडद्यावर मुंग्या धावायच्या, माणूस सावलीसारखा दिसायचा, पण आवाज बऱ्याचदा कळण्याइतका यायचा. १९६०मध्ये सोनीने बॅटरीवर चालू शकणारा ट्रान्झिस्टर टीव्ही काढला, १९८२मध्ये हातात मावणारा वॉचमन. काही बॅटरीवरच्या रेडिओंमध्ये तर टीव्हीचा नुसता आवाज पकडणारा बँड असायचा. वीज गेली तरी तळघरात हे चालू!

१२ जून २००९ला अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी अ‍ॅनालॉग बंद केलं. जून, म्हणजे टॉर्नेडोचा हंगाम अजून संपलेला नसताना. वॉचमन आणि ते टीव्ही बँडवाले रेडिओ जवळपास मुके झाले. कन्व्हर्टर बॉक्ससाठी सरकारने ४० डॉलरची कुपनं दिली होती, पण बहुतेक बॉक्सना भिंतीतली वीज लागायची. चित्र सुधारलं हे खरंच, आणि मोकळ्या झालेल्या लहरींपैकी काही पोलीस-अग्निशमनालाही मिळाल्या. पण डिजिटलचा स्वभाव वेगळा. थोड्या चुका एरर करेक्शन सावरून घेतं, मर्यादा ओलांडली की चित्र चौकोनांत फुटतं, गोठतं आणि आवाजासकट गायब. मुंग्यांचा टप्पाच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सरासरी सुधारली आणि वर्स्ट केस बिघडली. आणि वादळात तळघरात बसलेला माणूस म्हणजे वर्स्ट केसच की!

मग आता काय करतात? मूळ युक्ती साधी आहे : टीव्ही खाली, अँटेना वर. माळ्यावर किंवा छपरावर अँटेना, तिथून कोअ‍ॅक्सिअल केबल तळघरात. मध्ये अँप्लिफायर नसेल तर या भागाला वीजच लागत नाही. खाली बॅटरीवर चालणारा छोटा डिजिटल टीव्ही. अर्थात वादळाने छप्परच नेलं, तर अँटेनाही गेला. म्हणून सोबत हवामान खात्याचा वेदर रेडिओ ठेवतात. तो १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि साधा एफएम आवाज असल्यामुळे सिग्नल कमी झाला तर खरखरतो, पण बोलत राहतो.

फोनवर अलर्ट येतातच. २०२३मध्ये चाचणीचा तो कर्कश आवाज आपल्याकडेही अनेकांच्या खिशात वाजला होता. पण टॉवर पडला की तेही संपलं.

अमेरिकेत २०१७मध्ये परवानगी मिळालेल्या एटीएससी ३.० या नव्या मानकात केंद्राला निवड करता येते : डेटा कमी पाठवायचा, पण तो जास्त चिवट करून. म्हणजे एचडी चित्र दबलं तरी आवाज किंवा साधं चित्र तळघरापर्यंत पोचू शकेल, जर केंद्राने त्यासाठी थोडी जागा सोडली तर.