राजाची शिकवणी आणि रयतेची शाळा

गणित आणि इंग्रजी या दोन विषयांसाठी मुलांस शाळेबाहेर शिकवणी लावावी लागते, ही तक्रार आज घरोघर ऐकू येते. परंतु शिकवणी ही काही नव्या काळाची देणगी नव्हे. शाळा विरळा होत्या त्या काळी सरदार-सावकारांच्या वाड्यांत पंतोजी येत. पावकी, निमकी, दिडकी, औटकी पाठ करून घेत आणि मोडीचे वळण गिरवून घेत. या परंपरेतील अत्यंत बोलके उदाहरण बडोद्याच्या राजवाड्यात सापडते.

१८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव हा बारा वर्षांचा मुलगा २७ मे रोजी दत्तक घेतला. हेच पुढे सयाजीराव महाराज म्हणून विख्यात झाले. शेतकरी कुटुंबात वाढलेल्या या बालकाची लेखन-वाचनाशी ओळख झालेली नव्हती. त्यांच्या शिक्षणासाठी एफ. ए. एच. इलियट या इंग्रज अधिकाऱ्याची नेमणूक झाली. सोबतीस भावंडे देण्यात आली. मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी या चार भाषा आणि गणितादी विषय यांचा अभ्यास सुरू झाला. दिवाण सर टी. माधवराव यांनी त्यांस राज्यकारभारावर व्याख्याने दिली. २८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांनी राज्याची सूत्रे हाती घेतली.

सहा वर्षांत हे घडले कसे? शिकवणीचे मर्म येथेच आहे. भरलेल्या वर्गात शिक्षकाला सर्वांबरोबर पुढे जावे लागते. ज्याला अपूर्णांक उमगला नाही, त्याच्यापुढे त्रैराशिक उभे राहिले की तो कायमचा मागे पडतो. इंग्रजी वाक्य चुकले की वर्ग हसतो आणि मूल बोलणेच सोडते. घरच्या शिक्षकास मात्र अडलेल्या पायरीवर थांबता येते.

पण ही सोय राजपुत्राची होती. सयाजीरावांचे मोठेपण असे, की आपणांस लाभलेले त्यांनी आपल्यापुरते ठेवले नाही. १८९३ साली अमरेली तालुक्यात त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तसाच कायदा व्हावा म्हणून १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी विधेयक मांडले. १९१२ साली ते फेटाळले गेले.

आपल्या गोमंतकात ना असा राजा होता, ना राजाश्रय. तरीही पोर्तुगीज अमदानीत देवळांच्या अग्रशाळांतून आणि गृहस्थांच्या पडव्यांतून मराठी शाळा चालल्या. राजाने खजिन्यातून केले ते येथे समाजाने आपल्या ओसरीवर केले.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शिक्षकांस खासगी शिकवणी करण्यास मनाई केली आहे. वर्गात जे द्यावयाचे ते घरी विकले जाऊ नये, हा त्यामागील विचार योग्यच होय. परंतु मागे पडलेल्या मुलाची अडचण केवळ मनाईने सुटत नाही. ज्याच्या पालकांस शुल्क परवडत नाही, त्याने कोणाकडे जावे? देवस्थानाच्या सभागृहात सायंकाळी दोन तास दिवा लावून एखाद्या निवृत्त शिक्षकाने अशा चार मुलांस अपूर्णांक समजावून दिले, तर ती अग्रशाळेचीच परंपरा पुढे चालविल्यासारखे होईल. विद्यादानास याहून उचित स्थान कोणते?