पद्मिनी, सीएनजी आणि विम्याचा कागद

आमच्या तळोज्यातल्या एका चाचांकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. चाचांनी कळंबोलीच्या गॅरेजात तिचे पत्रे बदलले, रंग दिला आणि डिकीत सीएनजीची टाकी बसवली. मागच्या पावसाळ्यात नावडे फाट्यावर एका टेम्पोने तिला मागून ठोकले. सर्व्हेअर आला, टाकी पाहिली, आरसी बुक पाहिले. बुकात इंधन फक्त ‘पेट्रोल’. दावा नामंजूर. चाचा वैतागून म्हणाले, “मास्तर, आलिम लोक विम्याला हराम म्हणतात ते काय उगाच?”

या प्रश्नाचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते.

आपल्याकडे गाडीचा विमा सक्तीचा झाला तो 1939 च्या मोटार वाहन कायद्याने. त्यातले विम्याचे प्रकरण मात्र 1 जुलै 1946 पासून लागू झाले. सक्ती मालकाच्या नुकसानीसाठी नव्हती, आजही नाही. ती रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसासाठी आहे. गाडीखाली येणाऱ्या हातगाडीवाल्याला भरपाई मिळावी, मालकाचा खिसा रिकामा असला तरी मिळावी, हा त्यामागचा हेतू. स्वतःच्या गाडीचे नुकसान हा वेगळा, ऐच्छिक करार. चाचांचे भांडण या दुसऱ्या कराराचे होते.

आता बदलांचे पाहू. 1988 च्या कायद्याचे कलम 52 गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे. 2000 साली ते कडक झाले: कंपनीने बनवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळे काही करायचे नाही. इंधन बदलणाऱ्या किटला मात्र सूट मिळाली, कारण तेव्हा शहरांच्या हवेचा प्रश्न ऐरणीवर होता. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी याच काळात सीएनजीवर गेल्या. त्या टॅक्सी चालवून आपल्या कितीतरी घरांची चूल पेटली. पद्मिनीची शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि 20 वर्षांची मुदत संपून 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की मूळ रचना बदलता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली.

म्हणजे चाचांचे किट बेकायदा नव्हते. ते नोंदवले नव्हते, एवढेच. आरटीओत आरसीवर नोंद आणि विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नोंद, ही दोन कामे राहिली. 2002 च्या मोटार दरपत्रकात बाहेरून बसवलेल्या किटसाठी त्याच्या किमतीच्या 4 टक्के जादा हप्ता होता. म्हणजे 40,000 च्या किटला 1,600 रुपये.

जुन्या गाडीची दुसरी अडचण किमतीची. पाच वर्षांपर्यंत घसारा ठरलेला असतो. पाचव्या वर्षी किंमत निम्म्यावर येते. त्यापुढे ती मालक आणि कंपनी यांनी आपसात ठरवायची. डागडुजीवर लाख खर्च केलेत, पण बिले, फोटो, मूल्यमापकाचा अहवाल नसेल तर कंपनीच्या लेखी ती भंगारच. त्याच दरपत्रकात ‘व्हिंटेज’ म्हणजे 1940 संपण्यापूर्वीची गाडी, आणि तिला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात 25 टक्के सवलत होती. 2021 च्या केंद्रीय नियमांनी नोंदणीसाठी ही अट 50 वर्षांवर आणली, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको.

आता हराम-हलाल. 19व्या शतकात दमास्कसचे हनफी फकीह इब्ने आबिदीन यांनी जहाजी मालाच्या विम्यावर आक्षेप घेतला होता. 1985 साली जेद्दाच्या फिकह अकादमीने व्यापारी विमा नाजायज आणि परस्पर सहकार्याचा विमा जायज ठरवला. हा वाद खरा आहे. पण कायद्याने सक्तीचा असलेला विमा टाळता येत नाही, आणि जो करार आपण सही करून केला त्याचे काय?

आपल्या फिकहमध्ये मालातला ऐब लपवणे नाजायज आहे. ऐब निघाला तर गिऱ्हाईक सौदा मोडू शकतो. विम्याचा कायदाही तेच म्हणतो: जोखीम बदलणारी गोष्ट सांगा. डिकीतली टाकी ही तशीच गोष्ट.

चाचांना मी हे सगळे सांगितले, आणि एक जास्तीचे: 2008 साली नितीन खंडेलवाल यांच्या खटल्यात गाडी भाड्याने चालवून अट मोडली होती, तरी चोरीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 75 टक्के भरपाई कायम ठेवली, कारण अट मोडणे आणि चोरी यांचा संबंध नव्हता. मागून बसलेल्या धक्क्याचा टाकीशी काय संबंध, हे ग्राहक आयोगाला विचारता येईल. अर्ज मीच लिहून दिला आहे.

पण अर्ज देण्याआधी चाचा पनवेल आरटीओत जाऊन किटची नोंद करून आले. म्हणाले, “आधी आपला ऐब दूर करू, मग दुसऱ्याचा काढू.”