चेतकचा कार्बोरेटर

पुण्याजवळच्या आकुर्डीत बनणारी बजाज चेतक स्कूटर १९७२ मध्ये बाजारात आली. तिला इंधनाचा पंप नव्हताच. सीटखालच्या टाकीतलं ऑइल मिसळलेलं पेट्रोल स्वतःच्या वजनाने कार्बोरेटरमध्ये उतरायचं. कॉकला खुणा तीन: बंद, चालू, रिझर्व्ह.

कार्बोरेटरची करामत खरोखर देखणी. वाटीतला फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो. इंजिनाने ओढलेली हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथला दाब घटतो आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल वर खेचलं जाऊन हवेत मिसळतं. हंगेरीत डोनाट बांकी आणि यानोश चोंका यांनी अशा यंत्राचं पेटंट १८९३ मध्येच घेतलं होतं.

सगळी मदार त्या भोकावर. त्यात कचरा अडकला की मेकॅनिक जेट खोलून उजेडाकडे धरायचा, फुंकर मारायचा. सकाळी स्कूटर रुसली तर तिला आडवी कलंडवून मग किक मारायची, हा घरोघरचा रिवाज. कलंडल्यावर जादा पेट्रोल आत उतरायचं.

पण धुराचे नियम कडक झाले, तसं हे ढोबळ माप पुरेना. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे धुराचं मानक लागू झालं आणि बहुतेक नव्या दुचाकींत कार्बोरेटरच्या जागी पेट्रोल फवारणारा इंजेक्टर आला. तो किती मिलिसेकंद उघडा राहील, हे सेन्सरच्या आकड्यांवरून कॉम्प्युटर ठरवतो. गॅरेजमध्ये पान्यांशेजारी आता स्कॅनर असतो.